साडूची वाळू

पाववाला तसा हेवा करणारा माणूस नव्हता. समोरच्या गल्लीत दुसरी बेकरी निघाली तेव्हा तो उद्घाटनाला गेला, दोन पाव विकत घेतले, घरी आणून अंगठ्याने दाबून पाहिले आणि ही बेकरी वर्षभरात बसणार असं शांतपणे सांगून चहा प्यायला. बेकरी अजून धडधाकट उभी आहे, पण त्याचंही त्याला काही वाटत नाही. शाळेत त्याच्या बाकावर बसून त्याचीच गणितं उतरवणारा एक जण पुढे मोठा साहेब झाला आणि मोटारीतून पाव घ्यायला येऊ लागला. पाववाल्याने त्याला इतर गिऱ्हाइकांसारखंच सुट्टे नाहीत म्हणून सांगितलं. जन्माला येताना जेवढा हेवा वाट्याला आला होता तो सगळा त्याने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तो माणूस म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

साडू पहिल्यांदा दिसला तेव्हा छत्र्या विकायचा. मग मोबाइलची कव्हरं विकली, मग कुणाशी तरी भागीत शोभेच्या माशांचं दुकान काढलं. मासे मेले, भागीदार पळाला. दर वेळी पाववाला स्वतःहून त्याच्या घरी जायचा, पाठीवर हात ठेवायचा, जाताना ताज्या पावांची पिशवी न्यायचा. साडू बुडत होता तोवर दोघांचे संबंध फार चांगले होते.

मग साडूला वाळू सापडली.

गावापासून तासाभराच्या वाटेवर, समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या आहेत. त्या पूर्वीपासूनच तिथे आहेत, साडूने काही आणून टाकलेल्या नाहीत, हे पाववाला भेटेल त्याला आवर्जून सांगायचा. पण त्या टेकड्यांवर माणसांना पहाटे न्यावं, सूर्य उगवताना दाखवावा, रात्रीत वाळूवरून कोण कोण चालून गेलं त्याच्या खुणा वाचून दाखवाव्यात आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत आणून सोडावं, आणि याचे लोकांनी पैसे द्यावेत, हे मात्र साडूच्याच डोक्यातून निघालं होतं. लोक देतही होते. एक व्हॅन घेतली, तिच्यावर टेकडीचं चित्र काढून घेतलं. सुट्टीच्या दिवसांत आधी सांगून ठेवल्याशिवाय जागा मिळेनाशी झाली.

"सूर्य काय, आपल्या दुकानासमोरही उगवतो," पाववाला म्हणायचा.

"तुम्ही तेव्हा भट्टीत डोकं घालून असता," बायको म्हणायची. "तुम्हाला कुठे दिसतोय."

हेही एकवेळ पचलं असतं. वीस-बावीस वर्षं तो अंधारात उठून मैदा मळत होता आणि त्याला कुणी वा म्हटलं नव्हतं. साडू लोकांना त्याच वेळी उठवायचा, तर ते त्याचे आभार मानायचे. असू दे. पण या साऱ्यात माऊ शिरली, आणि तिथे पाववाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

माऊ म्हणजे त्याची एकुलती एक लेक. लहानपणी भट्टीच्या उबेला मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर अंगाचं मुटकुळं करून झोपायची, म्हणून माऊ. आता बारावी संपली होती. तिने दुकान सांभाळायचं हे पाववाल्याच्या मनात इतकं पक्कं होतं की तिला विचारायचं राहूनच गेलं होतं. गल्ल्यामागे तिच्यासाठी सुताराकडून उंच स्टूल करून घेतलं, ते ती बसायच्या आधीच दोनदा पॉलिशही झालं. माऊ मात्र सुट्टीत मावशीकडे राहायला म्हणून गेली आणि परत आली ती वाळूच घेऊन. केसात वाळू, चपलेत वाळू, बोलण्यात वाळू. काका असे म्हणाले, काका तसे म्हणाले. शेवटी एका संध्याकाळी तिने सांगून टाकलं: काकांना कायमची मदतनीस हवी आहे, पुढे स्वतःच्या सहली न्यायला मिळतील, मला जायचंय. पण तुम्ही हो म्हणालात तरच.

ते शेवटचं वाक्य तिने घातलं नसतं तर फार बरं झालं असतं. सरळ भांडता तरी आलं असतं.

"नाही म्हणायचं तर म्हणा," बायको म्हणाली. "पण न बघता नका म्हणू. सोमवारी दुकान बंदच असतं. एकदा जाऊन बघा पोरगी काय करते ती. मग तिथून आल्यावर काय ते सांगा. मी मधे बोलणार नाही."

बायको मधे बोलणार नाही म्हणजे तिचं सगळं बोलून झालेलं आहे, हे पाववाल्याला लग्नाच्या अनुभवाने माहीत होतं. तो तयार झाला. मनात 'नाही' घडी घालून ठेवलेलं होतंच. फक्त ते कुठे, कसं आणि साडूच्या देखत सांगायचं का, एवढंच ठरायचं होतं.

आणि एक बेत त्याने कुणाला न सांगता केला. साडू आपल्या मंडळींना टेकडीवर पाकिटातली बिस्किटं द्यायचा, हे माऊच्या बोलण्यात आलं होतं. बिस्किटं! सोमवारी पहाटे पाववाल्याने बंद दुकानाची भट्टी पेटवली, दूध-लोण्याचे छोटे गोड पाव केले, वरून अंड्याचा हात फिरवून तांबूस चकाकी आणली आणि झाकणाच्या वेताच्या टोपलीत फडक्यात गुंडाळून भरले. माऊच्या तोंडात घास गेला की तिचं तिलाच कळेल कुणाचं काम खरं. तोंडाने सांगायची गरजही पडणार नाही.

व्हॅन कोपऱ्यावर उभी होती. साडू खाली उतरून सगळ्यांना नमस्कार करत होता. हडकुळा, रापलेला, अनवाणी.

"या, साडूभाऊ, या. पुढे बसा, माझ्याशेजारी."

"मागे बसतो की."

"छे, मोठे साडू तुम्ही. मागे कसे बसाल." आणि मागे वळून मंडळींना म्हणाला, "हे आमचे मोठे साडू. गावात यांच्यासारखा पाव कुणाचा नाही."

यात बोट ठेवायला जागा नव्हती. पाववाला टोपली मांडीवर घेऊन पुढे बसला आणि वाटभर बोट ठेवायला जागा शोधत राहिला. मागे माऊ लोकांना काही समजावत होती. आवाज तिचाच, पण त्यात एक मोकळेपणा होता, जो घरात जेवताना कधी ऐकू आला नव्हता. एका टोपीवाल्या बाई होत्या, नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले चार-पाच जण. सगळे हसत होते. एवढ्या पहाटे, तोंड धुतलंय न धुतलंय, आणि हसत होते.

टेकड्यांपाशी पोचले तेव्हा फटफटत होतं. साडूने सगळ्यांच्या चपला-बूट एका खोक्यात ठेवून घेतले आणि नियम सांगितले. एकामागे एक चालायचं, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं. गवतावर पाय द्यायचा नाही, कारण ही टेकडी गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली आहे, गवत गेलं की टेकडी चालायला लागते. वर गेल्यावर सूर्य पूर्ण वर येईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आणि टेकडीवर आपलं काहीही मागे ठेवायचं नाही, चिमूटभर चुरासुद्धा नाही.

"श्वास घेतला तर चालेल ना?" पाववाल्याने विचारलं. कुणी हसलं नाही. हसला तो साडूच.

चढताना साडू मधेच बसायचा आणि वाळूवर बोट दाखवायचा. ही टाके घातल्यासारखी बारीक ओळ म्हणजे किडा गेला. ही नागमोडी खूण म्हणजे साप, पण रात्रीचा, आता नाही. वारा सुटला की हे सगळं पुसून जातं, म्हणून लवकर यायचं. लोक श्वास रोखून बघत होते. पाववाल्यालाही बघावंसं वाटत होतं, म्हणून तो दुसरीकडे बघत होता.

"आणि ही वाळू हातात घेऊन बघा," साडू म्हणाला. "मैद्यासारखी आहे."

पाववाल्याने चिमूट घेतली, बोटांत फिरवली. "मैद्यासारखी नाही. रव्यासारखी आहे. तोही जाडा."

या वेळी मात्र सगळे हसले. त्याला बरं वाटलं. तेवढ्यात साडू म्हणाला, "बघा, हे आमच्या साडूभाऊंशिवाय कोण सांगणार? उद्यापासून मी रवाच म्हणणार," आणि लोक आणखी हसले. म्हणजे टोला पाववाल्याचा आणि टाळ्या साडूला.

रांगेच्या शेवटी माऊ होती. कुणाचा पाय घसरला की हात द्यायची, कुणाच्या टोपीला वारा लागला की टोपी पकडायची. टोपीवाल्या बाई थोडं थांबल्या, धाप टाकत साडूला म्हणाल्या, "तुमची मुलगी अगदी तुमच्यासारखी बोलते हो."

साडूला मूलबाळ नव्हतं. त्याने मान हलवली, वाळूकडे बघितलं आणि मग म्हणाला, "माझी नाही. यांची."

मधे जो क्षणभर वेळ गेला तो पाववाल्याने बरोबर टिपला. एवढ्या साध्या गोष्टीला वेळ कशाला लागावा? 'यांची' म्हणायला का जीभ जड होते? तिथून पुढे माथ्यापर्यंत तो त्या क्षणावरच चढत गेला. पाय वाळूत रुतत होते, टोपली जड झाली होती. साडू म्हणाला, "द्या इकडे." पाववाला म्हणाला, "मैद्याची पोती उचलतो मी." आणि टोपली दुसऱ्या खांद्यावर घेतली, जी आधीच्या खांद्यावर जास्त बरी होती.

माथ्यावर सगळे अंतराअंतराने समुद्राकडे पाठ करून बसले. साडूने ओठांवर बोट ठेवलं. सगळं चिडीचूप झालं. समोरचे डोंगर राखाडी होते, त्यांच्या कडेला तांबूस रेघ उमटायला लागली होती. माऊ दुसऱ्या टोकाला बसली होती. साडू मधोमध. पाववाला वाऱ्याच्या बाजूला, सगळ्यांत शेवटी.

त्याने टोपलीला हात लावून पाहिला. गरम होती. आता गरम पाव झाकून ठेवला की त्याला घाम सुटतो, चकाकी जाते, वरची साल ओल्या कागदासारखी लोंबते, हे कुठल्याही पाववाल्याच्या हाताला झोपेतही ठाऊक असतं. त्याने काही विचार केला नाही. झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि टोपली वाऱ्याला लावून ठेवली. रोज दुकानात ट्रे खिडकीशी ठेवतो तशी. पाव कसे सोन्यासारखे दिसत होते.

त्याने वर पाहिलं तर दुसऱ्या टोकावरून माऊ त्याला हात करत होती.

पाववाल्याला आधी खरं वाटेना. तिने पुन्हा हात हलवला, दोन्ही हात हलवले. सगळे सूर्याकडे बघत होते, काका मधोमध बसला होता, आणि पोरगी सगळ्यांना सोडून आपल्या बापाला हात करत होती. पाववाल्याच्या पोटात जे काही दिवस दुखत होतं ते एकदम थांबलं. त्याने हात वर केला आणि हलवला. तिने आणखी जोरात हलवला. त्यानेही हलवला. मग तिने तळहात पालथा करून दुसऱ्या हातावर दोनदा आपटला. हे काय ते त्याला कळलं नाही, पण प्रेमाचंच असणार म्हणून त्यानेही आपटला. तेव्हा तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ऊन डोळ्यांवर येत असेल, त्याला वाटलं. सूर्य आलाच होता वर. कशासाठी लोक एवढे पैसे देतात ते त्याला त्या क्षणी जरासं कळलंही, पण त्याने ते मनावर घेतलं नाही.

साडूने टाळी वाजवली. बोलायला मोकळीक झाली. पाववाला टोपली घेऊन उठला.

"मंडळी, आज बिस्किटं राहू द्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी हात पुढे केले. सगळ्यांनी एकदमच घास घेतला. आणि त्या शांत माथ्यावर करकर असा आवाज झाला, जात्यात काहीतरी अडकल्यासारखा. टोपीवाल्या बाईंनी डोळे मिटून गिळलं. नव्या नवऱ्याने घास तळहातावर काढला आणि बायकोने त्याला कोपर मारलं. कॅमेरेवाल्यांनी आपापले कॅमेरे तपासायला घेतले. साडू एकटा चावत राहिला. चावला, गिळला, दुसरा घास घेतला. चेहऱ्यावर काही नाही.

पाववाल्याने स्वतः एक पाव तोंडात घातला. दातांखाली आख्खी टेकडी आली.

"बाबा," माऊ धावत आली होती, "झाकण कुणी काढलं?"

दुकानात कामगारांना तो ज्या सुरात विचारतो, अगदी तोच सूर. शब्दही तेच.

"मी मघापासून हात करतेय, झाकण लावा, झाकण लावा म्हणून. बोलता येत नव्हतं. आणि तुम्ही टाटा काय करताय?"

"मला वाटलं..." पाववाला म्हणाला, आणि काय वाटलं ते त्याने गिळलं. वाळूबरोबर तेही खाली गेलं.

"चूक माझी आहे," साडू म्हणाला. "सूर्याच्या वेळेला वारा फिरतो, वाळू उडते. मी खालीच सांगायला हवं होतं."

पाववाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. व्हॅन याची, टेकडी याची, पोरगी निम्मी याची, आणि आता माझी एक चूक होती तीही यानेच घ्यायची?

"झाकण मी काढलं," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

"असं कसं? नियम मी सांगायचे."

"मी काय लहान आहे? माझी चूक आहे."

"नाही, साडूभाऊ, माझीच."

लोक एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. माऊने टोपली हातात घेतली, वरचे पाव बाजूला केले. "खालच्या थराला वाळू लागलेली नाही," ती म्हणाली. "हे घ्या, चांगले आहेत. बाबांच्या हातचे आहेत." खालचे खरंच चांगले होते. टोपीवाल्या बाईंनी दोन घेतले. पण चांगल्या पावाचं कौतुक आता कोण करणार? ज्याला त्याला करकर आठवत होती.

साडूने वाळूवर पडलेल्या चुऱ्याकडे पाहिलं. "माऊ, मंडळींना खाली घेऊन जा. आम्ही दोघं एवढं वेचून येतो."

"मी एकटीने?"

"वाट माहीत आहे की तुला."

तिने वडिलांकडे नाही, काकाकडे एकदा पाहिलं, आणि निघाली. मंडळी तिच्यामागे एकेक करून ओळीने निघाली.

वर दोघे साडू गुडघ्यांवर बसून पावाचे तुकडे वेचत राहिले. चुरा वाळूत मिसळला की दोन्ही एकाच रंगाचे दिसतात. पाववाल्याला वाटलं, आता हा विचारणार, काय ठरलं म्हणून. आपण 'नाही' म्हणायचं. हीच वेळ. साडूने विचारलं नाही. तो तुकडे वेचत होता, मधेच खाली बघत होता.

खाली माऊ चालली होती. तिच्या पावलात टोपीवाल्या बाईंचं पाऊल, त्यांच्या पावलात नव्या नवऱ्याचं. गवताशी आली की ती वळसा घ्यायची आणि सगळी ओळ वळसा घ्यायची. इवलीशी दिसत होती. एवढ्या माणसांनी आपल्या लेकीच्या पायाखालच्या जागेवर विश्वास ठेवून पाय टाकावा, हे पाववाल्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि वर बाप आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

"चांगली चालते," साडू म्हणाला. "पण एक खोड आहे तिला. मागे वळून बघत नाही. मागचा माणूस पडला तरी हिला कळायचं नाही."

पाववाल्याला पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. म्हणजे साडूलाही ती पूर्ण पसंत नाही तर. दुसऱ्याच क्षणी त्याचं डोकं फिरलं. माझ्या पोरीत खोड काढणारा हा कोण?

"अहो, अजून कामाला लागली नाही पोरगी, आणि तुम्ही चुका काढायला बसलात? आधी लागू तर द्या तिला. येईल मागे बघायला."

साडूचा हात थांबला. "म्हणजे लागू दे म्हणताय?"

पाववाल्याने तोंड उघडलं. घडी घालून ठेवलेलं 'नाही' त्याने सगळीकडे शोधलं, मिळेना. समोर साडू गुडघ्यांवर, ओंजळीत चुरा घेऊन, एखाद्या गिऱ्हाइकासारखा वाट बघत होता.

"तिला मी सांगणार," पाववाला म्हणाला. "तुम्ही नाही."

"तुम्हीच सांगा."

"मी सांगेपर्यंत तुम्ही चकार शब्द काढायचा नाही."

"नाही काढत."

पण साडूवर भरवसा कसा ठेवावा? तो न बोलताही सांगेल, हसून सांगेल. पाववाल्याने टोपली उचलली आणि वाट सोडून सरळ उतारावरून धूम ठोकली. पाय पोटरीपर्यंत रुतले. खालून आवाज आला, "बाबा, गवतावरून नका येऊ. वर जा परत आणि ओळीतून या." झालं, पुन्हा वर चढायचं. तोवर साडू निवांत चालीने ओळीतून निम्म्यावर पोचला होता. पाववाल्याने त्याच्या पाठीला मनातल्या मनात होती नव्हती ती सगळी विशेषणं लावली. तेवढ्यात साडू थांबला, कडेला बसला आणि पायातली वाळू झटकायला लागला. अनवाणी माणसाने वाळूत बसून पायाची वाळू झटकायची. पाववाला त्याच्या शेजारून पुढे गेला. हा मुद्दाम बसलाय, हे त्याला कळलं, आणि तेही त्याने साडूच्या खाती रागाने जमा केलं.

खाली पोचला तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. माऊ खोक्यातून लोकांचे बूट काढून देत होती.

"जा," पाववाला म्हणाला.

"कुठे?"

"उद्यापासून. त्याच्याकडे. कामाला." तीन शब्दांना त्याने तीन श्वास घेतले. "पण मागे वळून बघत जा. मागची माणसं पडतात."

माऊच्या हातातला बूट तसाच राहिला. मग चेहरा उजळला आणि नजर बापाच्या खांद्यावरून वर गेली, टेकडीवर, जिथून काका उतरत होता. तिने हात वर केला.

पाववाला टोपलीसकट जरा सरकला आणि मधे उभा राहिला.